हायटेन्शन लाइनखाली मधमाश्यांचं काय होतं? ५० हर्ट्झची गोष्ट नीट समजून घेऊया



"दादा, मधाच्या पेट्या टॉवरच्या लाइनीखाली ठेवल्या तर चालतील का? माश्या मरतात म्हणे." माझ्या मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रश्न पाठवला, आणि त्याच्यासोबत एक फॉरवर्डही आला. ५जी मुळे मधमाश्या संपत चालल्यात, त्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपणार, असं आइन्स्टाइनने सांगून ठेवलंय, वगैरे. खाली लाल रंगाची सात-आठ उद्गारचिन्हं.

भाऊ कांद्याचं बी धरतो. कांद्याच्या गोंड्यात एक गंमत असते. एकाच फुलातले पराग आधी गळून जातात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फूल स्वतःच्या परागावर बी धरू शकत नाही, दुसऱ्या फुलाचे पराग कुणीतरी आणून द्यावे लागतात. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. माश्या आल्या नाहीत तर गोंडे दिसायला भरगच्च, पण आत बी कमी. म्हणून शेतकरी फुलोऱ्याच्या वेळी पेट्या भाड्याने आणून शेतात ठेवतात. भावाच्या शेतात गाडी जाईल आणि सावलीही मिळेल अशी सोयीची जागा नेमकी हायटेन्शन लाइनच्या खाली आहे. म्हणजे प्रश्न साधा नाही, त्यात त्याचे वर्षभराचे पैसे अडकलेत.

म्हणून ठरवलं, या विषयावर नीट लिहायचंच. विजेच्या तारांचा कीटकांवर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर किती, कसा आणि किती अंतरावर? चला, एकेक करून बघूया.

आधी हे बघू: ५० हर्ट्झ म्हणजे काय?

आपल्या घरातल्या प्लगमध्ये जी वीज येते ती एसी, म्हणजे दिशा बदलणारी. भारतात ती सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्कर मारते. यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. अमेरिकेत हाच आकडा ६० आहे. घरातला मिक्सर असो, शेतातली मोटर असो की डोंगरावरून जाणारी हायटेन्शन लाइन, सगळीकडे तीच ५० हर्ट्झ.

आता तुमचा मोबाइल बघा. आपल्याकडचं ५जी प्रामुख्याने ७०० मेगाहर्ट्झ आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. ३.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३५० कोटी चकरा! कुठे ५० आणि कुठे ३५० कोटी. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर असते. ५० हर्ट्झची लांबी काढली तर ती येते ६,००० किलोमीटर.

हा फरक फक्त आकड्यांचा नाही. मोबाइल टॉवरचा अँटेना लहरी दूर फेकण्यासाठीच बनवलेला असतो. विजेच्या तारेचं तसं नाही. तिच्याभोवती जे क्षेत्र तयार होतं ते तारेला चिकटून राहतं आणि लांब गेलं की झपाट्याने कमी होतं. म्हणून 'टॉवरचं रेडिएशन' या एका शब्दात मोबाइलचा टॉवर आणि विजेचा टॉवर दोन्ही कोंबणं म्हणजे सायकल आणि रॉकेट दोन्हींना 'वाहन' म्हणून एकच नियम लावण्यासारखं आहे. या लेखात आपण फक्त विजेच्या तारांबद्दल बोलतोय.

एक तार, दोन क्षेत्रं

विजेच्या तारेभोवती दोन वेगवेगळी क्षेत्रं असतात, आणि पुढचा सगळा लेख समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवा.

पहिलं विद्युत क्षेत्र. हे व्होल्टेजवर अवलंबून असतं. चार्जर प्लगमध्ये आहे, बटण चालू आहे, पण फोन लावलेला नाही, तरी वायरभोवती विद्युत क्षेत्र असतंच. हे व्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात. भिंत, झाड, जमिनीला जोडलेली लोखंडी जाळी यांनी ते बऱ्यापैकी अडतं.

दुसरं चुंबकीय क्षेत्र. हे करंटवर, म्हणजे प्रत्यक्ष वाहणाऱ्या विजेवर अवलंबून असतं. फोन चार्जिंगला लावला की करंट वाहायला लागतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. आणि ते भिंतीने किंवा लाकडाने अडत नाही, आरपार जातं.

नळाचं उदाहरण घ्या. नळ बंद असला तरी पाइपात पाण्याचा दाब असतो, ते झालं व्होल्टेज. नळ सोडल्यावर पाणी वाहतं, तो झाला करंट.

अंदाज यावा म्हणून काही आकडे. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जगभरात २५ ते ६५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान आहे, महाराष्ट्रात साधारण चाळिशीच्या घरात. पण ते जवळजवळ स्थिर असतं, तारेचं मात्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. एका सरळ तारेतून १ अँपिअर करंट गेला तर १ मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला मिळतं. त्याच हिशोबाने १,००० अँपिअर वाहणाऱ्या तारेपासून १० मीटरवर २० मायक्रोटेस्ला. प्रत्यक्षात लाइनीला तीन फेज असतात आणि त्यांची क्षेत्रं एकमेकांना काही प्रमाणात खोडतात, त्यामुळे लांब गेल्यावर हा आकडा आणखी वेगाने घसरतो.

अंतराचं महत्त्व समजण्यासाठी घरातलं उदाहरण बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हेअर ड्रायरचं क्षेत्र ३ सेंटिमीटरवर ६ ते २,००० मायक्रोटेस्ला दिलंय. तोच ड्रायर १ मीटर लांब धरला की आकडा ०.०१ ते ०.०३ वर येतो.

वीज आणि चुंबकीय क्षेत्राचं नातं किती घट्ट आहे याचं एक आपलंच उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं व्हायची. शहरात विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं, तेव्हा ट्रामच्या करंटमुळे ही नाजूक मोजमापं बिघडणार हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या जुळवल्या आणि १९०७ मध्ये मुंबईत ट्राम धावली. त्या ट्रामची वीज डीसी होती, ५० हर्ट्झची नव्हती, पण मुद्दा तोच. उपकरणाला जे जाणवतं ते एखाद्या जिवालाही जाणवू शकेल का?

मधमाशीकडे होकायंत्र असतं का?

होय, मधमाशीला चुंबकीय क्षेत्र जाणवतं. १९६८ साली जर्मनीत मार्टिन लिंडाउअर आणि हेरमान मार्टिन यांनी दाखवलं की मधमाशी नाचून दिशा सांगते तेव्हा त्यात जी छोटी ठरावीक चूक होते, ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडलेली असते. १९७८ मध्ये माशीच्या शरीरात चुंबकीय पदार्थ असल्याचं सापडलं. १९८९ मध्ये मायकेल वॉकर आणि एम. ई. बिटरमन यांनी माश्यांना साखरपाण्याचं बक्षीस देऊन शिकवलं, तेव्हा सर्वात तरबेज माश्यांना फक्त २६ नॅनोटेस्लाचा फरक ओळखता आला. हा पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी आहे! तुमच्या फोनच्या कंपासला हे झेपणार नाही.

पण इथेच एक महत्त्वाचा 'पण' आहे. १९९७ मध्ये जोसेफ कर्शविंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग १० आणि ६० हर्ट्झच्या बदलत्या क्षेत्रावर केला. फ्रिक्वेन्सी वाढली तशी माश्यांची संवेदना झपाट्याने कमी झाली. म्हणजे माशीचं होकायंत्र स्थिर किंवा हळू बदलणाऱ्या क्षेत्रासाठी बनलंय, ५० हर्ट्झसाठी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विद्युत क्षेत्रही माश्यांना कळतं. उडताना माशीच्या अंगावर धन प्रभार जमतो. फुलाभोवती त्याचं स्वतःचं हलकं विद्युत क्षेत्र असतं. २०१३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात दिसलं की भुंग्यासारखी दिसणारी बंबलबी फुलाचं हे क्षेत्र ओळखू शकते. नंतरच्या कामात कळलं की तिच्या अंगावरचे बारीक केस या क्षेत्रात हलतात आणि त्यातून तिला संदेश मिळतो. थंडीत स्वेटर काढताना हातावरचे केस उभे राहतात ना, साधारण तसंच.

पेटीतला शॉक: इलिनॉयमधला प्रयोग

आता भावाच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रयोग. अमेरिकेत इलिनॉय राज्यात बर्नार्ड ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ७६५ किलोव्होल्टच्या लाइनखाली आणि तिच्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर मधपेट्या ठेवल्या. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आले. (७६५ किलोव्होल्ट ही काही फक्त अमेरिकेतली गोष्ट नाही. तिरोड्याहून कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे येणारी लाइन याच व्होल्टेजची आहे.)

लाइनच्या अगदी खाली, जिथे विद्युत क्षेत्र मीटरला ७ किलोव्होल्ट होतं, तिथे काय झालं बघा. माश्या आधी अस्वस्थ झाल्या, पेटीतली हालचाल आणि तापमान वाढलं. मग त्यांनी पेटीचं दार राळेसारख्या चिकट प्रोपोलिसने लिंपायला सुरुवात केली. पेटीचं वजन हवं तसं वाढेना. पिल्लं कमी झाली. ७ पैकी ६ पेट्यांमधली राणी गेली. हिवाळ्यात टिकाव धरणंही अवघड झालं.

जसजसं लांब जावं तसतसा परिणाम कमी. ५.५ किलोव्होल्टला ७ पैकी एकाच पेटीतली राणी गेली. ४.१ किलोव्होल्टला वजनातला फरक दिसायला ११ आठवडे लागले. १.८ किलोव्होल्ट आणि त्याखाली २५ आठवड्यांनंतरही पेट्यांचं वजन व्यवस्थित. हिशोब करून त्यांनी सांगितलं की परिणामाचा पट्टा लाइनच्या सगळ्यात बाहेरच्या तारेच्या खालून पुढे साधारण २३ मीटरपर्यंत आहे.

पण परिणाम कशामुळे होतोय? इथे खरी गंमत आहे. पेटी म्हणजे लाकडाचा उंच ठोकळा. विद्युत क्षेत्रात तो ठेवला की त्यातून अगदी बारीक करंट जमिनीकडे वाहतो. पोळ्यावर चालणाऱ्या माशीचे पाय दोन वेगळ्या ठिकाणी टेकलेले असतात, त्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तिला शॉक बसतो. पेटीत ओल असली की आणखीनच. तुम्ही ओल्या हाताने जुन्या कूलरला हात लावल्यावर जो झटका बसतो त्याचीच ही लहान आवृत्ती, फक्त दिवसभर चालू. १९८८ मध्ये व्हिटॉटस बिंडोकास आणि ग्रीनबर्ग यांच्या पुढच्या प्रयोगांतून हेच स्पष्ट झालं की मुख्य गुन्हेगार शॉक आहे. पेटीवर जमिनीला जोडलेली तारेची जाळी टाकली की आतलं विद्युत क्षेत्र अडतं आणि हा त्रास टळतो.

चुंबकीय क्षेत्राचं काय?

विद्युत क्षेत्र जाळीने अडलं, पण चुंबकीय क्षेत्र जाळीतून आरपार जातं. त्याचा वेगळा अभ्यास लागतो. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात सेबॅस्टियन शेफर्ड, फिलिप न्यूलँड आणि सहकाऱ्यांनी तो केला. २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले.

त्यांनी तारेच्या मोठ्या कॉइलमध्ये माश्या ठेवून ५० हर्ट्झचं क्षेत्र दिलं. दोन पातळ्या निवडल्या. २० ते १०० मायक्रोटेस्ला, म्हणजे लाइनखाली जमिनीवर मिळतं तेवढं. आणि १,००० ते ७,००० मायक्रोटेस्ला, म्हणजे थेट तारेपासून १ मीटरच्या आत उडणाऱ्या माशीला मिळेल तेवढं.

शिकण्याची परीक्षा मजेशीर असते. माशीला एक वास देतात, लगेच साखरपाणी देतात. काही वेळा असं केलं की नुसत्या वासानेच ती जीभ बाहेर काढते. आपल्याकडे फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं तसंच. क्षेत्रात ठेवलेल्या माश्या हे कमी शिकल्या. त्यांच्या उडण्याच्या पद्धतीत बदल झाला, अन्नापर्यंत यशस्वीपणे पोचणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या आणि खाणंही कमी झालं.

२०१९ मध्ये याच गटाचा दुसरा प्रयोग. १७ तास १०० किंवा १,००० मायक्रोटेस्लामध्ये ठेवलेल्या माश्या धोका ओळखायला शिकण्यात २० टक्क्यांहून जास्त मागे पडल्या. आणि १०० मायक्रोटेस्लानंतर परक्या पेटीतली माशी समोर आली की त्यांचा आक्रमकपणा ६० टक्क्यांनी वाढलेला दिसला.

लक्षात घ्या, यात माश्या मेल्या असं कुठेही नाही. त्या गोंधळल्या, चिडल्या, मंदावल्या. पण जिचं अख्खं काम लांब जाऊन फूल शोधणं, लक्षात ठेवणं आणि घरी परत येणं आहे, तिच्यासाठी थोडा गोंधळही महागात पडू शकतो.

शरीराच्या आत काय बदलतं?

फक्त वागणं नाही, शरीरातही खुणा दिसतात. २०१६ मध्ये पोलंड आणि साउथहॅम्प्टनच्या संशोधकांनी वाळवंटी टोळांवर काम केलं. तोच टोळ, जो २०२० मध्ये धाडीने राजस्थानातून विदर्भापर्यंत आला होता. मिलिटेस्लाच्या पातळीचं, म्हणजे हजारो मायक्रोटेस्लाचं क्षेत्र दिल्यावर टोळांचं चालणं कमी झालं, मागच्या पायाच्या स्नायूची ताकद घटली आणि एचएसपी७० नावाचं प्रथिन वाढलं.

हे एचएसपी७० म्हणजे पेशीतला दुरुस्ती कामगार. ऊन, विष, जखम, कुठलाही ताण आला की पेशी हे कामगार जास्त संख्येने बोलावते, ते बिघडलेली प्रथिनं पुन्हा नीट घडी घालून देतात. रस्त्यावर जास्त वायरमन दिसले की ओळखावं, कुठेतरी फॉल्ट आहे. एचएसपी७० वाढलं म्हणजे जीव गेला असं नाही, पण ताण आहे हे नक्की.

पोलंडमध्येच झुरळांवरही असे प्रयोग झाले आणि तिथेही शरीरातल्या ताणाच्या खुणा बदलल्या. झुरळासारख्या चिवट प्राण्याला फरक पडतो म्हणजे बघा!

प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या टॉवरजवळ

आता तुम्ही म्हणाल, कॉइलमधलं ठीक आहे, खऱ्या शेतात काय? २०२३ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' मध्ये चिली देशातला एक अभ्यास आला. मार्को मोलिना-मोंटेनेग्रो आणि सहकाऱ्यांनी एक हुशारी केली. वीज चालू असलेले टॉवर आणि वीज बंद असलेले टॉवर, दोन्हींच्या आसपास अभ्यास केला. का? कारण टॉवरमुळे सावली पडते, जमीन उकरली जाते, झाडं तोडली जातात. फक्त 'टॉवरजवळ' आणि 'टॉवरपासून लांब' अशी तुलना केली तर नक्की कशामुळे फरक पडला ते कळत नाही. बंद टॉवरशी तुलना केली की उरतो तो विजेचा परिणाम.

निष्कर्ष असा की चालू टॉवरजवळच्या माश्यांमध्ये एचएसपी७० वाढलं होतं, कॅलिफोर्निया पॉपी या फुलाला त्यांनी कमी भेटी दिल्या आणि त्या झाडांना बियाही कमी धरल्या. भावाला मी हाच अभ्यास आधी सांगितला, कारण त्याचा धंदाच बियांचा आहे.

थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका

इथपर्यंत वाचून 'बघा, मी म्हणत होतो ना' असं वाटत असेल तर दुसरी बाजूही ऐका.

पहिली गोष्ट, डोस. प्रयोगशाळेतले ठळक परिणाम बऱ्याचदा हजारो मायक्रोटेस्लाला दिसतात. एवढं क्षेत्र तारेच्या अगदी जवळ असतं, आणि तिथून माशी क्षणात उडून जाते. १७ तास ती तारेला लटकत नाही.

दुसरी गोष्ट, कारण. आपण वर बघितलं की माशीचं होकायंत्र ६० हर्ट्झला फारसं दाद देत नाही. मग परिणाम होतो कसा, तर इतर मार्ग असावे लागतात. शास्त्रात हे भांडण चालू आहे. २००८ मध्ये 'नेचर' मध्ये छापून आलं की फळमाश्यांना क्रिप्टोक्रोम नावाच्या, प्रकाशाने जागं होणाऱ्या प्रथिनामुळे चुंबकीय क्षेत्र जाणवतं. २०२३ मध्ये त्याच 'नेचर' मध्ये जर्मनी आणि ब्रिटनच्या संशोधकांनी तो प्रयोग तब्बल ९७,६५८ माश्यांवर पुन्हा करून सांगितलं की आम्हाला काहीच परिणाम दिसला नाही. (ते प्रयोग स्थिर क्षेत्रावरचे होते, ५० हर्ट्झचे नाहीत.) एकच अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नसतो, तो असा.

तिसरी गोष्ट ऐकून तर नवल वाटेल. लाइनखालची पट्टी काही वेळा माश्यांच्या भल्याचीही ठरते! अमेरिकेत मेरीलँड राज्यात २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की लाइनखालच्या, गवत वारंवार न कापलेल्या झुडपी पट्ट्यांमध्ये शेजारच्या नियमित कापलेल्या गवताळ जागांपेक्षा रानमाश्यांची विविधता चांगली होती. कारण तिथे रानफुलं आणि घरटी करायला जागा होती. फुलं असतील तर माश्या येतात, वर तार असली तरी.

आता फॉरवर्डमधले काही दावे पटापट निकालात काढू.

आइन्स्टाइनचं वाक्य: त्याने असं म्हटल्याचा पुरावा नाही. तो भौतिकशास्त्रज्ञ होता, मधमाश्यांचा जाणकार नव्हे.

'मोबाइलमुळे माश्या घर विसरतात': २००७ मध्ये ही बातमी जगभर पसरली. मुळात तो जर्मनीतला छोटा प्रयोग होता आणि त्यात पेटीत घरगुती कॉर्डलेस फोनचं बेस स्टेशन ठेवलं होतं, मोबाइल नव्हे.

'दिव्याच्या विजेमुळे किडे येतात': किडे प्रकाशामुळे येतात. २०२४ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने दिसलं की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश वर उजळ असतं, म्हणून एरवी हे बरोबर चालतं. दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते आणि ते त्याच्याभोवती गरगरत राहतात.

'स्विचबोर्डात मुंग्या विजेच्या ओढीने शिरतात': अमेरिकेत फायर अँट या मुंग्यांवर काम झालंय. एखाद्या मुंगीला उघड्या तारेचा शॉक बसला की ती रासायनिक संदेश सोडते, त्या वासाने बाकीच्या येतात, त्यांनाही शॉक बसतो आणि बघता बघता ढीग लागतो.

फोनवर हे मोजता येईल का?

तुमच्या बहुतेकांच्या फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो, त्यावरच कंपास चालतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते उघडून मॅग्नेटोमीटर बघा. लोखंडापासून लांब उभे राहिलात तर चाळीसच्या आसपास मायक्रोटेस्ला दिसेल. ते पृथ्वीचं क्षेत्र आहे.

पण हाच फोन घेऊन हायटेन्शन लाइनखाली गेलात तर आकडा फसवू शकतो. बऱ्याच फोनचा सेन्सर सेकंदाला ५० ते १०० वेळा माप घेतो. ५० हर्ट्झचं क्षेत्र नीट पकडायचं तर सेकंदाला १०० पेक्षा जास्त मापं हवीत. समजा सेन्सर बरोबर ५० वेळा माप घेतोय. मग प्रत्येक वेळी तो लहरीचा तोच भाग बघेल आणि म्हणेल, 'काहीच बदलत नाहीये!' सिनेमात गाडीचं चाक कधी थांबल्यासारखं किंवा उलटं फिरताना दिसतं ना, तीच ही फसगत. शिवाय विद्युत क्षेत्र मोजायची सोय फोनमध्ये नसतेच. म्हणून 'ईएमएफ डिटेक्टर' नावाची अ‍ॅप्स लाल सुई नाचवून घाबरवतात, ती मनावर घेऊ नका. बहुतेक वेळा त्यांना खिडकीचे गज सापडलेले असतात.

मग पेटी ठेवायची कुठे?

भावाला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. पेटी भाड्याने घेणाऱ्या, मधपाळ होऊ पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

१. लाइनच्या थेट खाली पेटी नको. सगळ्यात बाहेरच्या तारेच्या खालच्या रेषेपासून ३० मीटर तरी लांब ठेव. ७६५ किलोव्होल्टसारख्या मोठ्या लाइनच्या अभ्यासातही परिणामाचा पट्टा २३ मीटरचा होता. लहान लाइनचं विद्युत क्षेत्र आणखी कमी असतं.

२. सावलीच हवी असेल तर चार बांबू आणि गवताचं छप्पर पुरतं. त्यासाठी लाइनखाली जायची गरज नाही.

३. नाइलाजाने लाइनजवळ ठेवावी लागलीच, तर पेटीवर लोखंडी जाळी टाकून ती वायरमनकडून जमिनीला जोडून घे. जाळीची भोकं माशी सहज जाईल एवढी हवीत. पेटी कोरडी ठेव, खाली स्टँड दे.

४. लाइनखाली लांब लोखंडी पाइप, शिडी, स्प्रिंकलरचा पाइप उभा करून फिरायचं नाही. माशीपेक्षा तुझा जीव आधी.

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुलोऱ्यात दिवसा फवारणी नको. लाइनमुळे माशी गोंधळेल, पण चुकीच्या वेळच्या कीटकनाशकाने ती त्याच दिवशी मरेल. फवारायचंच असेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवून.

पेट्या, माश्यांच्या जाती, प्रशिक्षण याबद्दल अधिकृत माहिती हवी असेल तर पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय ही दोन ठिकाणं आहेत. एक गोष्ट तिथे आवर्जून विचारा. वरचे परदेशी प्रयोग मेलिफेरा या पाळीव जातीवर झालेत. आपल्या सातेरी, आग्या, फुलोरी माश्यांचा स्वभाव, आकार, घर सगळं वेगळं आहे. आग्या माशी तर पेटीत राहतच नाही, उघड्यावर उंच लटकते. कुणाला पीएचडीचा विषय हवा असेल तर हा घ्या!

शेवटचा एक मुद्दा. विजेच्या क्षेत्रासाठी माणसांची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे. आयसीएनआयआरपी या संस्थेच्या २०१० च्या शिफारशीनुसार ५० हर्ट्झला सामान्य लोकांसाठी ती २०० मायक्रोटेस्ला आणि मीटरला ५ किलोव्होल्ट आहे. ही माणसाच्या शरीराचा विचार करून काढलेली आहे. दहा सेंटिग्रॅमच्या माशीचा विचार त्यात नाही. वर बघितलेल्या काही प्रयोगांमध्ये १०० मायक्रोटेस्लालाच माश्या बदलल्या होत्या. नवी लाइन टाकताना शेताच्या कडेने न्यायची की परागीभवनावर चालणाऱ्या पिकाच्या मधोमध, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारा. फ्रिक्वेन्सी कोणती? क्षेत्र किती आणि किती अंतरावर? आणि तुलना कशाशी केली? उत्तर मिळालं तर वाचा, नाही मिळालं तर तो मेसेज तिथेच थांबवा.

तुमच्या शेतात किंवा गावात लाइनजवळ मधपेट्या असतील तर किती अंतरावर आहेत आणि माश्या कशा आहेत, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात!